फिलिपा, जुआंव आणि आंदण दिलेली मुंबई : एका वंशावळीचा गुंता

मोडीवाला
पोर्तुगालच्या राजघराण्याची वंशावळ एका मोठ्या तावावर मांडायचा उद्योग सध्या चालू आहे. सुरुवात केली ती जुआंव पहिला (१३५७-१४३३) आणि त्याची इंग्रज राणी फिलिपा ऑफ लँकेस्टर (१३६०-१४१५) या जोडप्यापासून. १३८६ साली विंडसरला इंग्लंड आणि पोर्तुगालचा तह झाला आणि त्याला बळकटी म्हणून पुढच्याच वर्षी पोर्तो शहरात यांचं लग्न लागलं. पुढे पावणेतीनशे वर्षांनी तोच खेळ उलट्या दिशेने झाला. १६६१ च्या तहानुसार पोर्तुगालची कॅथरीन ऑफ ब्रागांझा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि आंदणात आपली मुंबई गेली.

माझा एक मित्र ठासून सांगतो की मुंबई घेऊन जाणारी कॅथरीन ही फिलिपाचीच वंशज. पण ब्रागांझा घराण्याचा मूळ पुरुष अफोन्सो हा जुआंवचा लग्नाआधीचा मुलगा, इनेस पिरेस नावाच्या बाईपासून झालेला. म्हणजे फिलिपाचा तो सावत्र मुलगा. माझ्या तावावर जुआंवकडून निघालेली रेघ सरळ कॅथरीनपर्यंत जाते, पण फिलिपाला वळसा घालून. मग मित्र चुकतोय ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा. पैज लागली आहे, मिसळीची.

चिंचपोकळी_फास्ट
आंदणात मुंबई मिळाली तेव्हा भाडं किती होतं ते सांगा आधी. आम्ही वन रूम किचनसाठी किडनी विकायला काढली आहे.

तिरफळ
@चिंचपोकळी, वर्षाला १० पौंड! १६६८ मध्ये चार्ल्सने अख्खं बेट ईस्ट इंडिया कंपनीला त्या भाड्याने देऊन टाकलं. डिपॉझिटचं माहीत नाही.

मोडीवाला, छान धागा. उत्तराकडे नंतर येते, आधी या जोडप्याची मुलं नीट मांडून घेऊ, नाहीतर पुढे सगळ्यांचा गोंधळ होणार. एकूण नऊ झाली. दोन मुली तान्ह्या असतानाच गेल्या, थोरला अफोन्सो दहा वर्षांचा होऊन गेला. उरले सहा:

दुआर्ते, पुढचा राजा, मृत्यू १४३८.
पेद्रो, कोइंब्राचा ड्यूक. युरोपभर फिरलेला, वाचणारा माणूस.
हेन्रीक, ज्याला जग 'नाविक हेन्री' म्हणतं. लग्न नाही, मूल नाही.
इझाबेल, बर्गंडीच्या ड्यूक फिलिपला दिली, १४३० मध्ये.
जुआंव, सेनापती. इतिहासात सगळ्यात कमी बोलबाला याचा, आणि वंशावळीत सगळ्यात महत्त्वाचा हाच. लक्षात ठेवा.
फेर्नांदो, धाकटा. मोरोक्कोत ओलीस राहून फेझच्या कैदेत १४४३ मध्ये मेला.

कामोंइश कवीने यांना 'तेजस्वी पिढी' म्हटलं, तेच नाव पोर्तुगालमध्ये आजही चालतं. हा कवी स्वतः गोव्यात राहून गेलेला, म्हणून आम्हाला जरा जास्त आपुलकी.

अर्धवटराव
वडील जुआंव, मुलगा जुआंव, मेलेला मुलगा अफोन्सो, सावत्र भाऊ अफोन्सो. नावांचा दुष्काळ पडला होता का हो तिकडे?

मोडीवाला
@अर्धवटराव, आपल्याकडे काय वेगळं आहे? शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी, चिरंजीव संभाजी, आणि राजाराम महाराजांच्या राजसबाईंपासून झालेल्या मुलाचं नाव परत संभाजी. ताराबाईंचा मुलगा शिवाजी. परक्या माणसाला भोसल्यांची वंशावळ दिली तर तोही हेच विचारेल.

तिरफळताई, 'महत्त्वाचा हाच' म्हणून सोडून देऊ नका. जीव टांगणीला लागलाय.

निळाई
लिस्बनच्या उत्तरेला बताल्या नावाचं गाव आहे. तिथला मठ जुआंवने बांधायला घेतला तो अल्जुबरोटाच्या विजयाबद्दल (१४ ऑगस्ट १३८५). शेजारच्या कास्तिल या स्पॅनिश राज्याचं मोठं सैन्य त्या दिवशी पोर्तुगीजांनी मोडलं आणि जुआंवचं सिंहासन पक्कं झालं. मी नोकरीनिमित्त तिकडे असताना मठ पाहिला होता. संस्थापकांच्या चॅपेलमध्ये मधोमध दोघांची एकच जोडकबर आहे. वर दोघांचे दगडी पुतळे आडवे, तो चिलखतात, तिच्या डाव्या हातात पुस्तक, आणि उजव्या हातांनी एकमेकांचा हात धरलेला. त्या हातांपाशी जाऊन बघावं म्हटलं तर कबर इतकी उंच की टाचा उंचावूनही धड दिसत नाही. आणि खुद्द राजा मेला तोही १४ ऑगस्टलाच, १४३३ मध्ये.

दक्षिणेकडच्या भिंतीत कमानींखाली मुलं ओळीने: पेद्रो, हेन्रीक, जुआंव, फेर्नांदो. दुआर्ते तिथे नाही, तो मागच्या बाजूला अर्धवट राहिलेल्या चॅपेलमध्ये. त्या चॅपेलला आजतागायत छप्पर नाही. पाऊस आत पडतो.

शेंडेफळ
वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कोकणकडा
जरा विरोधी सूर लावतो. 'तेजस्वी पिढी' वगैरे ठीक आहे, पण तुमचा तो नाविक हेन्री स्वतः मोरोक्कोच्या पलीकडे कधी गेला नाही. खलाशी गेले, हा घरी बसला. १४४४ साली लागोस बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचा पहिला मोठा बाजार भरला, तेव्हा साहेब घोड्यावर बसून आपला पाचवा हिस्सा घ्यायला हजर होते. फिलिपाचंही तेच. मरणशय्येवरून तीन मुलांना तलवारी दिल्या म्हणून कौतुक होतं. त्या तलवारी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या सेउटा शहरावर चालून जायला होत्या. ती जुलै १४१५ मध्ये प्लेगने गेली आणि ऑगस्टमध्ये यांनी सेउटा लुटलं. सुतकसुद्धा पाळलं नाही धड.

शिवाय मोडीवाल्यांच्या पैजेतच गोम आहे. औरस-अनौरस काय घेऊन बसलात? खुद्द जुआंव पहिला हा पेद्रो राजाचा अनौरस मुलगा. सावत्र भाऊ फेर्नांदो राजा १३८३ मध्ये मेला, त्याची मुलगी कास्तिलच्या राजाला दिलेली, म्हणून लोकांनी हा आव्हीश नावाच्या लढवय्या धर्मपंथाचा महंत पुढे केला. दोन वर्षं धुमाकूळ चालला आणि मग कोइंब्राच्या सभेने याला राजा केलं. घराणंच जिथे अनौरसापासून सुरू होतं तिथे अफोन्सोला वेगळा नियम का?

तिरफळ
@कोकणकडा, हेन्रीबद्दल काही वाद नाही. पण प्रश्न अफोन्सोच्या लायकीचा नाहीच, प्रश्न आहे तो फिलिपाच्या पोटचा आहे का. नाही.

केळीची_वाडी
आम्ही वसईचे. आडनाव परेरा. या अफोन्सोची बायको बेआत्रीझ ही सेनापती नुनो आल्व्हारेस परेराची एकुलती एक मुलगी, म्हणजे ब्रागांझांच्या मुळाशी परेराच. लहानपणी एका काकांनी मला सांगितलं होतं की आपण त्याच परेरांचे, आणि मी शाळेत छाती काढून फिरायचो. मग कळलं की बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबाचं किंवा धर्मपित्याचं आडनाव लावायची पद्धत होती. गावात परेरा, डिसोजा, लोपीस सगळे आहेत आणि जमिनीचे वाद मात्र अस्सल मराठीत चालतात.

तरी या वंशावळीतला कुणी राजा मुंबई-वसईवर राज्य करत होता याचं मला अजून अप्रूप आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई दिली ती तिसऱ्या जुआंवला, हे लिहून ठेवा तुमच्या तावावर.

मोडीवाला
लिहिलं! तिसरा जुआंव, म्हणजे मानुएलचा मुलगा. वास्को द गामा आला आणि आल्बुकर्कने गोवा घेतलं (१५१०) ते मानुएलच्या काळात. पण मानुएल माझ्या तावावर कुठून तरी कोपऱ्यातून उगवतो. तो राजाचा मुलगा नाही, मेहुणा आहे. हा काय प्रकार?

तिरफळ
तेच सांगायला बसले आहे. चहा घ्या, लांबण लागणार आहे.

दुआर्ते लवकर गेला तेव्हा मुलगा अफोन्सो पाचवा सहा वर्षांचा. कारभार काका पेद्रोकडे आला. काकाने आपलीच मुलगी पुतण्याला दिली, म्हणजे काकाच सासरा. आणि याच कारभाराच्या काळात, १४४२ मध्ये, पेद्रोने सावत्र भाऊ अफोन्सोला ब्रागांझाचा ड्यूक केलं. त्याच ड्यूकने मग पुतण्याचे कान भरले. १४४९ च्या मे महिन्यात अल्फारोबेइरा इथे सतरा वर्षांच्या राजाने काकावर फौज घातली आणि पेद्रो तिथेच पडला. शनिवारवाड्यात पुतण्या ओरडला होता, इथे काका ओरडला असणार.

पण त्याच पेद्रोच्या मुलीपासून झालेला दुसरा जुआंव मोठा होऊन राजा झाला आणि त्याने आजोबाचा वचपा काढला म्हणा हवं तर. १४८३ मध्ये ब्रागांझाच्या ड्यूकचं डोकं उडवलं आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या बायकोच्या भावाला, दिओगोला, स्वतःच्या हाताने भोसकलं. दिओगोचा धाकटा भाऊ म्हणजे मानुएल. दुसऱ्या जुआंवचा एकुलता एक औरस मुलगा घोड्यावरून पडून मेला आणि १४९५ मध्ये गादी या मेहुण्याकडे आली.

शेंडेफळ
आणि लोक म्हणतात वेबसिरीजवाले अति करतात.

अर्धवटराव
मी तिसऱ्या वाक्यालाच हरवलो. कोणी चित्र काढेल का?

निळाई
मला यात सगळ्यात थोर वाटली ती मुलींची बाजू. बर्गंडीला दिलेली इझाबेल घ्या. तिच्या लग्नाच्या वेळीच ब्रूजमध्ये सरदारांच्या त्या प्रसिद्ध सुवर्ण लोकरीच्या मानपंथाची स्थापना झाली. तिचा मुलगा चार्ल्स, त्याची मुलगी मेरी. दुसरीकडे दुआर्तेची मुलगी लिओनोर सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकला दिली, तिचा मुलगा मॅक्सिमिलियन. मॅक्सिमिलियनचं लग्न मेरीशी, त्यांचा मुलगा फिलिप. तिसरीकडे आपला दुर्लक्षित सेनापती जुआंव. त्याची मुलगी कास्तिलच्या राजाला दिली, तिची मुलगी म्हणजे कोलंबसला पाठवणारी राणी इसाबेला. इसाबेलाची मुलगी हुआना, तिचा नवरा वरचाच फिलिप. त्यांचा मुलगा सम्राट पाचवा चार्ल्स, जन्म १५००.

म्हणजे एकाच माणसात जुआंव-फिलिपाच्या तीन मुलांचं रक्त, आणि तिन्हीकडून मोजलं तरी बरोबर पाचवी पिढी. हेन्रीकचा गाजावाजा जगभर, पण युरोपचा नकाशा बदलला तो या लग्न करून दिलेल्या पोरींनी.

सोनकेवडा
@निळाई, +१. आपल्या घराण्यांचे जुने कुलवृत्तांत काढून बघा. मुलाचं एक अख्खं पान, नोकरी कुठे, घर कुठे, मुंजीचं साल. मुलगी आली की 'अमुक गावच्या अमुकांना दिली', पुढे टिंब. तिथून वंश संपलाच जणू. माझ्या आईच्या माहेरच्या कुलवृत्तांतात मी नाहीच.

कोकणकडा
सोनकेवडा, ती पद्धत गोत्रामुळे. मुलगी गोत्र बदलते. उगाच प्रत्येक ठिकाणी अन्याय शोधू नये.

सोनकेवडा
गोत्र बदलतं, आजी बदलत नाही.

शेंडेफळ
गोत्राचा विषय निघालाच आहे तर घ्या. पेशाने गणित शिकवते म्हणून हे चाळताना बोटं मोजत बसले. सेनापती जुआंवचं लग्न झालं ते ब्रागांझाच्या अफोन्सोच्या मुलीशी. म्हणजे स्वतःच्या सावत्र भावाच्या मुलीशी. पुतणीशी! आणि मानुएलचे आईवडील सख्खे चुलत भाऊबहीण, वडील दुआर्तेचा मुलगा, आई या जुआंवची मुलगी.

पुढची पिढी तर चक्क साटेलोटे. पाचव्या चार्ल्सने तिसऱ्या जुआंवची बहीण केली, आणि तिसऱ्या जुआंवने चार्ल्सची बहीण. मग त्या दोन घरांतल्या मुलांची परत एकमेकांशी लग्नं. परिणाम असा की चार्ल्सचा नातू डॉन कार्लोस याला पणजोबा-पणज्या आठ असायला हव्यात तिथे फक्त चार. पोर्तुगालचा सेबास्तियांव राजा, त्याचंही तेच, आणि चारही माणसं तीच! वंशवृक्ष म्हणतात खरं, पण हा वृक्ष नाही, वड आहे. पारंब्या परत त्याच खोडात शिरतात.

चिंचपोकळी_फास्ट
मामाची मुलगी करणाऱ्यांनी इथे गप्प बसावे ही नम्र विनंती. (आमच्या घरात तीन पिढ्या.) हलके घ्या.

कोकणकडा
मामेबहीण चालते, चुलत नाही, हाच तर आपल्याकडचा फरक. असो, अवांतर पुरे. पैजेचं काय झालं? मिसळ निवतेय.

तिरफळ
आले, आले. मोडीवाला, तुमची रेघ बरोबर आहे, पण ती फक्त बापाकडून बापाकडे जाणारी. बायकांकडून जाणारी रेघ काढा:

फिलिपा, तिचा मुलगा सेनापती जुआंव, त्याची मुलगी बेआत्रीझ, तिचा मुलगा मानुएल राजा, त्याचा धाकटा मुलगा दुआर्ते, त्याची मुलगी कातारीना. ही कातारीना ब्रागांझाच्या सहाव्या ड्यूकला दिली. तिचा मुलगा तेओदोसियो, त्याचा मुलगा राजा चौथा जुआंव, आणि त्याची मुलगी तुमची मुंबईवाली कॅथरीन. फिलिपापासून आठवी पिढी. मित्राला मिसळ द्या.

कोकणकडा
आठव्या पिढीत माणसाला २५६ पूर्वज असतात. त्यातली एक फिलिपा. इतकं मागे गेलं की युरोपातला कुणीही राजा कुणाचाही वंशज निघतो. यात सिद्ध काय झालं?

तिरफळ
@कोकणकडा, नुसतं रक्त असतं तर तुमचं म्हणणं मान्य होतं. पण इथे गादीच त्या रेघेवरून मिळाली आहे. सेबास्तियांव १५७८ मध्ये मोरोक्कोत लढाईत मेला, मागे मूल नाही. त्याच्यानंतर आलेला म्हातारा कार्डिनल हेन्रीक १५८० मध्ये गेला. मग दावेदार कोण? स्पेनचा दुसरा फिलिप, मानुएलच्या मुलीचा मुलगा. ही कातारीना, मानुएलच्या मुलाची मुलगी. आणि आंतोनियो, मानुएलचा अनौरस नातू, ज्याला वाटलं की पहिल्या जुआंवला जमलं ते मलाही जमेल. नाही जमलं, लिस्बनच्या वेशीवर अल्कांताराला हरला. फिलिप फौज घेऊन आला, जिंकला, आणि पुढची साठ वर्षं गोवा, वसई, मुंबई सगळं स्पेनच्या राजाखाली.

१६४० मध्ये ब्रागांझांनी बंड केलं तेव्हा आपला हक्क खरा हे दाखवायला त्यांनी मूळ पुरुष अफोन्सो पुढे केला नाही. पुढे केली ती आजी, कातारीना. १५८० साली गादी हिचीच होती, फिलिपने ती बळकावली, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मोडीवाल्यांच्या तावावर फिलिपाला वळसा घालणारी रेघ आडनाव दाखवते, राज्य दुसऱ्या रेघेने आलंय.

मोडीवाला
दंडवत. तांबड्या शाईने नवी रेघ काढली. आता तावावर जागा उरली नाही, खाली दुसरा ताव चिकटवलाय.

केळीची_वाडी
अजून एक चिकटवा. नवरदेव दुसरा चार्ल्स हाही त्याच घरचा! फिलिपाचा बाप जॉन ऑफ गाँट. त्याचा कॅथरीन स्विनफोर्डपासून झालेला मुलगा जॉन बोफोर्ट, हाही लग्नाआधीचा, नंतर औरस ठरवलेला. त्याची नात मार्गारेट, तिचा मुलगा सातवा हेन्री, तिथून स्कॉटलंडच्या मेरीवरून चार्ल्सपर्यंत. नवरा गाँटपासून दहावा, नवरी नववी.

निळाई
आंदणाच्या यादीत मुंबईबरोबर मोरोक्कोतलं तांजियर बंदरही होतं, ते विसरू नका. वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) रोख वेगळे. १४३७ मध्ये तांजियर घ्यायला गेलेली फौज अडकली म्हणून फिलिपाच्या धाकट्या फेर्नांदोला ओलीस ठेवलं. सेउटा परत द्या आणि राजपुत्र न्या, असा सौदा होता. भावांनी सेउटा दिलं नाही, तो कैदेत मेला. सेउटा १६४० मध्ये स्पेनकडेच राहिलं, आजही आहे. आणि तांजियर कॅथरीनच्या सामानात गेलं, तेही इंग्रजांना वीसेक वर्षांत जड झालं आणि सोडून आले.

सोनकेवडा
बिचारा फेर्नांदो. त्याच्या आईची तलवार पण त्याला मिळाली नव्हती ना? तीनच होत्या.

निळाई
हो, त्या थोरल्या तिघांना. हा तेव्हा बारातेरा वर्षांचा.

केळीची_वाडी
मुंबई तरी कुठे सुखासुखी मिळाली! इंग्रज आरमार १६६२ मध्ये आलं तर पोर्तुगीज गव्हर्नर ताबा देईना. तह फक्त बेटाचा, साष्टीचा नाही, यावर हुज्जत. सर अब्राहम शिपमन आपली माणसं घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन पडला आणि तापाने शेकड्यांनी मेले, तोही तिथेच गेला. शेवटी फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकने ताबा घेतला. साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडेच राहिली, चिमाजी अप्पांनी १७३७-३९ च्या मोहिमेत घेईपर्यंत. तेव्हाचा राजा पाचवा जुआंव, कॅथरीनच्या भावाचा मुलगा. आत्याबाईंनी मुंबई नेली, भाच्याच्या हातून वसई गेली.

चिंचपोकळी_फास्ट
आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, आणि काकांचं या घराण्यात काय होतं ते वर वाचलंच.

अर्धवटराव
मोडीवाले, तो ताव फोटो काढून टाका बुवा. मला अजून दुसरा जुआंव आणि सेनापती जुआंव एकच वाटतायत.

मोडीवाला
रविवारी टाकतो. सध्या मित्र मिसळीबरोबर ताकही मागतोय, म्हणे व्याज.